आईच्या हातापायांची आग, सीबीडी तेलाची बाटली आणि ती रक्त पातळ करायची गोळी

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. बाकीच्यांनाही कळावं म्हणून थोडक्यात परत लिहितो. आई ६४ वर्षांच्या, केमो संपून आठ महिने झाले, कॅन्सर आटोक्यात आहे पण हातापायांची आग आणि मुंग्या काही जात नाहीत, रात्री झोप नाही. प्रेगाबालिन (नसांच्या दुखण्याची गोळी) चालू आहे, त्याने दिवसभर गुंगी येते पण आग तशीच. भाऊ दुसऱ्या देशात असतो, तिथे सीबीडी तेल (कॅनबिस म्हणजे गांजाच्या रोपापासून काढलेलं) दुकानात उघड मिळतं, तो पुढच्या महिन्यात येतोय आणि एक बाटली आणतो म्हणतोय. तुम्ही विचारलंय की हे कायदेशीर आहे का, सेफ आहे का आणि किती थेंब द्यायचे. आणि अगदी शेवटी, जाता जाता, टाकलंय की मध्ये पायाच्या शिरेत गुठळी झाली होती म्हणून रक्त पातळ करायची गोळीपण चालू आहे.

माझ्यासाठी ते शेवटचं वाक्य सगळ्यात महत्त्वाचं आहे. त्यावर येतोच.

मी पेन आणि पॅलिएटिव्ह केअरमध्ये, म्हणजे दुखणं आणि गंभीर आजारातला त्रास कमी करणाऱ्या विभागात, अठरा वर्षं आहे, त्यातली बरीचशी अशा ठिकाणी गेली जिथे डॉक्टरला कॅनबिसचं औषध प्रिस्क्रिप्शनवर लिहून देता येतं. म्हणजे मी या औषधाच्या विरोधात नाही, काही पेशंटना मी स्वतः दिलंय आणि काहींना खरंच फायदा झालाय. पण जे लोक माझ्याकडे बाटली घेऊन येतात ते बहुतेक वेळा 'किती थेंब' यापासून सुरुवात करतात, आणि तो प्रश्न शेवटचा आहे. पहिला प्रश्न असा की त्या बाटलीत नेमकं काय आहे आणि किती मिलिग्रॅम आहे. हे कळलं की कायद्याचं अर्धं उत्तर मिळतं आणि सेफ्टीचंही अर्धं मिळतं, आणि हे कळत नसेल तर बाकी चर्चा हवेत आहे.

'मेडिकल कॅनबिस' अशी एक वस्तूच नाहीये हो, निदान तीन वेगळ्या गोष्टींना लोक हे एकच नाव देतात. एक म्हणजे रीतसर मंजुरी मिळालेली औषधं. एपिडिओलेक्स हे शुद्ध सीबीडीचं सिरप, अमेरिकेत जून २०१८ मध्ये मंजूर झालं, पण कशासाठी, तर लहान मुलांच्या अतिशय अवघड अशा दोन प्रकारच्या फिट्ससाठी. सॅटिव्हेक्स हा तोंडात मारायचा स्प्रे, एका फवाऱ्यात २.७ मिलिग्रॅम टीएचसी (कॅनबिसमधला नशा आणणारा भाग) आणि २.५ मिलिग्रॅम सीबीडी, मल्टिपल स्क्लेरोसिस या नसांच्या आजारात स्नायू आखडतात त्यासाठी. ड्रोनॅबिनॉल आणि नॅबिलोन ही लॅबमध्ये बनवलेली, केमोच्या उलट्यांसाठी. दुसरी गोष्ट म्हणजे काही देशांत फार्मसीतून प्रिस्क्रिप्शनवर मिळणारी तेलं आणि फुलं, त्यांना औषध म्हणून पूर्ण मंजुरी नसते पण आत काय आहे हे प्रत्येक बॅचला तपासलेलं असतं. आणि तिसरी, दुकानात 'वेलनेस' म्हणून विकतात ती तेलं, ज्यातली एक तुमचा भाऊ आणणार आहे. या तिसऱ्या प्रकारात औषधाला लागतात ते नियम लागू नसतात, आणि सगळा घोळ इथेच होतो.

घोळ म्हणजे किती? २०१७ मध्ये अमेरिकेत ऑनलाइन विकल्या जाणाऱ्या ८४ सीबीडी प्रॉडक्ट्सची लॅबमध्ये तपासणी केली होती. लेबलवर लिहिलेला सीबीडीचा आकडा जेमतेम ३१ टक्के बाटल्यांत खरा निघाला, बाकीच्यांत कमी नाहीतर जास्त, आणि ८४ पैकी १८ मध्ये टीएचसी सापडलं. नशा टीएचसीने येते, सीबीडीने येत नाही, एवढं तुम्हाला माहीत असेल. म्हणजे 'यात नशा नाही' असं सांगून आणलेल्या दर पाचातल्या एका बाटलीत नशेचा भाग होता. आता बाजार थोडा सुधारलाय म्हणतात, असेल, पण मी अजूनही लॅब रिपोर्टशिवाय बाटलीला हात लावत नाही, आणि रिपोर्टपण त्याच बॅच नंबरचा लागतो, कंपनीच्या वेबसाइटवर कायमचा चिकटवलेला जुना रिपोर्ट चालत नाही.

अजून एक गंमत सांगतो, हेम्प सीड ऑइल म्हणजे बियांचं तेल आणि सीबीडी तेल या वेगळ्या वस्तू आहेत. बियांच्या तेलात सीबीडी जवळजवळ नसतंच, ते साधं खायचं तेल आहे. बाटलीवर हिरव्या पानाचं चित्र दोन्हीकडे सारखंच. मी एका काकांना सहा महिने बियांचं तेल थेंब मोजून जिभेखाली ठेवताना बघितलंय, आणि वर 'डॉक्टर, फरक पडतोय' असं ते मला सांगायचे! मी काही बोललो नाही, अपाय होत नव्हता.

आता कायदा. तुम्ही आई कुठल्या देशात राहतात आणि भाऊ कुठे असतो हे लिहिलेलं नाही, आणि नेमकं त्यावरच सगळं अवलंबून आहे, त्यामुळे मला हो किंवा नाही असं एका शब्दात सांगता येणार नाही. पण विचार कसा करायचा ते सांगतो.

आधी एक गैरसमज काढून टाका. 'यूएनने कॅनबिस लीगल केलं' असा मेसेज फिरत असतो. झालं होतं ते असं, १९६१ चा आंतरराष्ट्रीय करार आहे, त्यात कॅनबिस दोन याद्यांत होतं, त्यातली चौथी यादी सगळ्यात कडक, म्हणजे धोका जास्त आणि औषधी उपयोग जवळपास नाही असं मानलेल्या पदार्थांची. डिसेंबर २०२० मध्ये मतदान होऊन २७ विरुद्ध २५ मतांनी कॅनबिसला त्या चौथ्या यादीतून काढलं. पण पहिल्या यादीत ते अजूनही आहे, म्हणजे नियंत्रण तसंच आहे. फरक एवढाच की याला औषधी उपयोग असू शकतो हे कागदावर मान्य झालं. प्रत्येक देशाचा कायदा त्या त्या देशाचा.

आणि ते कायदे एकमेकांपासून किती लांब आहेत बघा. ब्रिटनमध्ये १ नोव्हेंबर २०१८ पासून डॉक्टर लिहून देऊ शकतात, पण फक्त स्पेशालिस्ट रजिस्टरवरचे, तुमचा नेहमीचा फॅमिली डॉक्टर सुरुवात करू शकत नाही. जर्मनीत २०१७ पासून प्रिस्क्रिप्शनवर मिळतं, आणि एप्रिल २०२४ पासून तर ते नार्कोटिक्सच्या कायद्यातूनच बाहेर काढलं. कॅनडात औषध म्हणून २००१ पासून आणि सगळ्यांसाठी ऑक्टोबर २०१८ पासून, पण तिथेही बाटली घेऊन देशाची सीमा ओलांडणं गुन्हा आहे, औषध म्हणून असलं तरी. अमेरिकेत कॅलिफोर्नियाने १९९६ मध्ये मेडिकल वापराला परवानगी दिली, त्यानंतर बऱ्याच राज्यांनी दिली, तरी केंद्राचा कायदा वेगळाच, त्यामुळे दोन्ही राज्यांत लीगल असेल तरी मधली हद्द ओलांडताना ते लीगल राहत नाही. थायलंडने २०२२ मध्ये जवळजवळ मोकळं सोडलं आणि २०२५ मध्ये परत प्रिस्क्रिप्शनवर आणलं, म्हणजे दोन वर्षांपूर्वी फिरायला जाऊन आलेल्या मित्राचा अनुभव आज उपयोगाचा नाही. आणि सिंगापूरमध्ये ५०० ग्रॅमच्या वर गांजाच्या तस्करीला फाशी आहे. थेंबभर तेलाला कोणी फाशी देत नाही हे खरं, पण त्या देशाचा या विषयाकडे बघायचा सूर काय आहे ते कळतं, आणि भावाचं विमान मध्ये कुठे थांबतंय हे म्हणूनच विचारायचं. लोक निघतो तो देश बघतात, पोचतो तो कधीकधी बघतात, मधला एअरपोर्ट कोणीच बघत नाही.

आई भारतात असतील असं धरलं तर १९८५ चा एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांचा कायदा लागू होतो. त्यात व्याख्या रोपाच्या भागावरून आहे. राळ म्हणजे चरस, फुलाफळांचे शेंडे म्हणजे गांजा, आणि बिया आणि पानं शेंड्यांशिवाय असतील तर ती गांजाच्या व्याख्येत येत नाहीत. पानांपासून केलेली आयुर्वेदिक औषधं, लेबलवर 'विजया' असं लिहिलेली, ती या फटीतून नाही तर औषधांच्या कायद्यातून रीतसर येतात. त्यांचं नाव शेड्यूल ई-१ मध्ये आहे, म्हणजे वैद्यकीय देखरेखीखालीच घ्यायची अशा यादीत, आणि पानांवर राज्यांचेही आपापले नियम असतात. पण भाऊ आणणार ते तेल पानांचं असेल याची काहीच खात्री नाही, बहुतेक परदेशी सीबीडी तेलं फुलांच्या अर्कापासून असतात. आणि चरसच्या त्याच व्याख्येत 'हॅशिश ऑइल' म्हणजे राळेचा घट्ट केलेला अर्कपण धरलेला आहे. म्हणजे टीएचसी असलेली एखादी बाटली कुठल्या खान्यात टाकायची हे कस्टमवाला आणि त्याची लॅब ठरवणार, तुमचा भाऊ नाही. 'अगदी थोडंच आहे' हेही चालत नाही, गांजा १ किलोपर्यंत आणि चरस १०० ग्रॅमपर्यंत 'स्मॉल क्वांटिटी' धरतात, पण त्याचा अर्थ शिक्षा कमी, एक वर्षापर्यंत, शिक्षा नाही असा होत नाही.

मी वकील नाही, त्यामुळे तुमच्या केसमध्ये शेवटचा शब्द वकिलाचा. पण डॉक्टर म्हणून माझा नियम साधा आहे, आजारी माणसाचं औषध ज्या देशात माणूस आहे त्याच देशात, त्याच देशाच्या डॉक्टरच्या सहीने मिळायला पाहिजे. यात कायद्याची भीती आहेच, पण दुसरं कारणही आहे. बाटली बॅगेतून आली तर ती संपल्यावर काय? समजा आईंना फायदा झाला, मग पुढची बाटली कोण आणणार, आणि ती त्याच ताकदीची असेल कशावरून? माझ्याकडे एक पेशंट होत्या, त्यांचा मुलगा असंच आणायचा, तिसऱ्या वेळेस एअरपोर्टवर बाटली जप्त झाली, त्याला चार तास बसवून ठेवलं, आणि इकडे बाईंचं औषध अचानक बंद. चार रात्री झोप नाही, चिडचिड, घाम. तो त्रास कॅनबिसचा नव्हता, तो औषध असं एकदम तुटल्याचा होता.

आता ती रक्त पातळ करायची गोळी.

तुमच्या आईंच्या बाबतीत मला सगळ्यात जास्त भीती कशाची वाटते सांगू का, रात्री बाथरूमला जाताना पडण्याची. बघा कसं जुळतं ते. केमोमुळे पायाच्या नसा गेलेल्या, तळव्याला जमीन नीट कळत नाही, म्हणजे तोल आधीच अर्धा गेलेला. त्यावर प्रेगाबालिनची गुंगी. त्यावर टीएचसी आलं, चुकून आलेलं असो नाहीतर मुद्दाम, तर गुंगी वाढते आणि उठून उभं राहिल्यावर बीपी खाली जातं, डोळ्यासमोर अंधारी येते. आणि त्यावर रक्त पातळ करायची गोळी, म्हणजे डोक्याला साधा मार लागला तरी आत रक्तस्राव होऊ शकतो. यातली एकेक गोष्ट सुटी घेतली तर चालवून नेता येते. चारही एकत्र आल्या की नाही. कॅनबिसने कोणी मरत नाही असं लोक म्हणतात ना, ते म्हणताना एकट्या तरुण धडधाकट माणसाचा विचार करतात, ६४ वर्षांच्या, सुन्न पायांच्या आणि पातळ रक्ताच्या बाईचा करत नाहीत.

हे झालं टीएचसीचं. सीबीडीचा वेगळा प्रश्न आहे, तो नशेचा नाही, लिव्हरचा आहे. लिव्हरमधली जी एन्झाइम्स बाकीची औषधं मोडतात त्यातली काही सीबीडी अडवून धरतं, म्हणून दुसरं औषध रक्तात साचत जातं. गोळी वॉरफरिन असेल तर सीबीडी सुरू केल्यावर आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो त्याची टेस्ट) वाढल्याच्या आणि डोस कमी करावा लागल्याच्या केसेस छापून आलेल्या आहेत, मी स्वतः एक बघितलीय, पेशंटने तेल सुरू केल्याचं सांगितलंच नव्हतं, 'ते औषध थोडीच आहे' म्हणून. हिरड्यांतून रक्त यायला लागलं तेव्हा कळलं. नवीन प्रकारच्या गोळ्या असतील, अपिक्सॅबान किंवा रिव्हारॉक्सॅबान, तर त्यांनाही तेच मार्ग लागतात, फक्त त्यांच्यासाठी आयएनआरसारखी रोजची सोपी टेस्ट नाही, म्हणजे वाढलं तरी कळणार कसं हा प्रश्न. फिट्सची क्लोबाझाम, ट्रान्सप्लांटची टॅक्रोलिमस यांच्या बाबतीतही हेच होतं. आणि व्हॅलप्रोएट या फिट्सच्या दुसऱ्या औषधाबरोबर लिव्हरची एन्झाइम्स चढतात. आईंना ब्रेस्ट कॅन्सर होता आणि टॅमॉक्सिफेन चालू असेल, किंवा इम्युनोथेरपी चालू असेल, तर ऑन्कोलॉजिस्टला विचारल्याशिवाय बाटलीचं झाकणही उघडू नका. इम्युनोथेरपीबरोबर कॅनबिस घेणाऱ्यांत ट्रीटमेंटला प्रतिसाद कमी दिसल्याचा एक इस्रायली अभ्यास आहे, तो फक्त निरीक्षणाचा आहे, कारण सिद्ध झालेलं नाही, पण मी तेवढ्यावरही सावध होतो.

मग उपयोग तरी होतो का? प्रामाणिकपणे सांगायचं तर या दुखण्यात पुरावा पातळ आहे. केमोनंतरच्या नसांच्या दुखण्यासाठी त्या सॅटिव्हेक्स स्प्रेची एक छोटी ट्रायल झाली होती, १६ पेशंट, एकंदरीत प्लासिबोपेक्षा, म्हणजे औषध नसलेल्या नुसत्या स्प्रेपेक्षा, फरक दिसला नाही, पाचएक जणांना मात्र बरं वाटलं. एकूणच जुनाट दुखण्याबद्दल तज्ज्ञांचं एकमत नाही. २०२१ मध्ये बीएमजे या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकाने छापलेल्या गाइडलाइनने सांगितलं की नेहमीचे उपाय पुरेसे पडत नसतील तर धुराशिवायच्या प्रकाराची ट्रायल देऊन बघायला हरकत नाही, तीसुद्धा कमकुवत शिफारस. ब्रिटनच्या नाइस संस्थेने २०१९ मध्ये जुनाट दुखण्यासाठी टीएचसीची औषधं देऊ नका आणि सीबीडी फक्त संशोधनात द्या असं म्हटलं. दोघांच्याही समोर साधारण तेच अभ्यास होते! माझा अनुभव मधला आहे, आग फारशी जात नाही, पण काही जणांना झोप लागते, आणि झोप लागली की दुसऱ्या दिवशी तीच आग सहन होते. ते लहान नाही. पण ते टीएचसीने होतं, दुकानातल्या सीबीडीच्या थेंबांनी झालेलं मी क्वचितच बघितलंय.

त्याचं कारण गणितात आहे. एपिडिओलेक्सचा सुरुवातीचा डोस वजनाच्या किलोमागे २.५ मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा. म्हणजे ६० किलोच्या माणसाला दिवसाला ३०० मिलिग्रॅम, आणि ही फक्त सुरुवात. दुकानातल्या ५ टक्क्यांच्या १० मिलीच्या बाटलीत सगळं मिळून ५०० मिलिग्रॅम असतं, म्हणजे आख्खी बाटली दोन दिवससुद्धा पुरणार नाही. फिट्स आणि दुखणं वेगळं, मान्य, पण दिवसाला सहा थेंबांनी काय होणार याची अपेक्षा त्या हिशोबाने ठेवा. साधारण २० थेंबांचा एक मिली धरला तर ५ टक्क्यांच्या तेलाचा एक थेंब २.५ मिलिग्रॅम सीबीडीचा झाला.

उलट बाजूपण बघा. 'फुल स्पेक्ट्रम' (म्हणजे रोपातले सगळे घटक ठेवलेलं), 'टीएचसी फक्त ०.३ टक्के' असं लिहिलेली ३० मिलीची बाटली असेल तर ०.३ टक्के वाटतं काहीच नाही, पण बाटलीभर मिळून ते ८०-९० मिलिग्रॅम टीएचसी होतं. कोणी सांगितलं म्हणून सकाळ-संध्याकाळ एकेक ड्रॉपर, म्हणजे साधारण एकेक मिली, घेतला तर दिवसाला सहाएक मिलिग्रॅम टीएचसी पोटात. आम्ही नवीन पेशंटला २.५ ने सुरू करतो, वयस्कर असतील तर १ ने. म्हणजे 'नशा नसलेलं' तेल घेऊन तुमच्या आई आमच्या सुरुवातीच्या डोसच्या दुप्पट-सहापट घेतील आणि कोणाला कळणारही नाही.

म्हणून माझं मत असं, आत्ता या क्षणी बाटली नको. आधी जे सोपं राहून गेलंय ते बघा. प्रेगाबालिन किडनीतून बाहेर जातं, किडनी मंद असेल तर तोच डोस जास्त होतो आणि गुंगी येते. केमोत सिस्प्लॅटिन असेल तर त्याने नसाही जातात आणि किडनीलाही त्रास होतो, त्यामुळे क्रिएटिनिन (किडनीची रक्ततपासणी) बघितलंय का, आणि डोस त्याप्रमाणे बसवलाय का, हे विचारा. निम्म्या वेळेस गुंगीचं उत्तर इथेच सापडतं. मग डुलॉक्सेटिन दिलं होतं का? केमोनंतरच्या या दुखण्यासाठी अमेरिकन ऑन्कोलॉजिस्टांच्या संघटनेने शिफारस केलेलं ते एकच औषध आहे, २०१४ मध्येही आणि २०२० मध्येही. फक्त तेही रक्त पातळ करायच्या गोळीबरोबर रक्तस्रावाचा धोका थोडा वाढवतं, म्हणून डॉक्टरने बघूनच. बी-१२ तपासा. रात्री बाथरूमपर्यंत दिवा ठेवा, मागून बंद असणारी चप्पल द्या. हे लिहिताना मला स्वतःलाच वाटतं की लोक कॅनबिस विचारायला आलेत आणि मी चप्पल सांगतोय, पण माझ्या पेशंट्समध्ये चपलेने वाचवलेली हाडं जास्त आहेत.

हे सगळं करून झालं, तरीही झोप नाही, आणि तुम्ही अशा ठिकाणी आहात जिथे डॉक्टर लिहून देऊ शकतो, तर आम्ही कसं करतो ते सांगतो, म्हणजे डॉक्टरशी बोलताना उपयोगी पडेल. यावरून घरी सुरू करू नका एवढं ऐका.

सुरुवातीला एकच ध्येय लिहून घेतो, आणि 'दुखणं कमी' असं नाही, तर 'रात्री सलग चार तास झोप' असं मोजता येईल असं. लिव्हरच्या टेस्ट करतो, वॉरफरिन असेल तर पहिल्या आठवड्यातच आयएनआर परत. घरात कोणाला स्किझोफ्रेनिया किंवा तसा आजार होता का हे विचारतो, पेशंटला स्वतःला असेल तर टीएचसी देतच नाही. हार्टचा आजार नुकताच बळावलेला असेल, प्रेग्नन्सी असेल, दूध पाजत असेल, तरी नाही. मग टीएचसी रात्री एकदाच, १ ते २.५ मिलिग्रॅम, आणि वाढवायचं तर दोन ते सात दिवसांनी, तेवढंच. २०२१ मध्ये तज्ज्ञांच्या एका आंतरराष्ट्रीय गटाने जी पद्धत ठरवली त्यात ती वरची मर्यादा दिवसाला ४० मिलिग्रॅम आहे, पण आईंच्या वयाच्या पेशंटमध्ये मी १० च्या वर क्वचित गेलोय. त्याच पद्धतीत सीबीडी ५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा असं सुरू करतात. वाफ किंवा धूर मी कोणालाच देत नाही. २०१९ मध्ये अमेरिकेत व्हेपिंगने, म्हणजे बॅटरीवरच्या नळीतून तेलाची वाफ ओढण्याने, फुप्फुसं खराब होऊन २८०० च्या आसपास लोक हॉस्पिटलमध्ये गेले आणि ६८ मेले, त्यातल्या बऱ्याच नळ्यांमध्ये टीएचसीच्या तेलात पातळ करायला व्हिटॅमिन ई ॲसिटेट मिसळलेलं होतं.

तोंडाने घेतलेलं कॅनबिस उशिरा चढतं ही गोष्ट मी प्रत्येकाला तीनदा सांगतो आणि तरी लोक फसतात. धूर काही मिनिटांत चढतो आणि दोनचार तासांत उतरतो, तेल किंवा कॅप्सूल एक ते तीन तासांनी चढतं आणि सहा-आठ तास किंवा त्याहून जास्त राहतं, कारण लिव्हरमधून जाताना टीएचसीचं आणखी जोरदार रूप तयार होतं. माझे एक पेशंट, निवृत्त मास्तर, एकदम शिस्तीचे, पाऊण तासात काही झालं नाही म्हणून दुसरा डोस घेतला, दीड तासाने तिसरा. मग रात्री दोनला त्यांच्या मुलीचा फोन, बाबा म्हणतायत मी मेलोय आणि हे कोणाला कळत नाहीये. छातीत धडधड, घाम, भिंत धरून बसलेले. जिवाला धोका झाला नाही, सकाळी ठीक होते, पण त्यांनी परत कधी हात लावला नाही, आणि खरं सांगायचं तर त्यांना ते औषध लागू पडलं असतं. म्हणून एकदा घेतलं की त्या रात्री दुसरं नाही, काही वाटो न वाटो. आणि रोज एकतर जेवणानंतरच नाहीतर रोज रिकाम्या पोटीच घ्या, कारण तुपातेलाच्या जेवणाबरोबर सीबीडी चार-पाच पट जास्त शोषलं जातं, एक दिवस असं आणि एक दिवस तसं केलं तर डोस तोच असून डोस तोच राहत नाही.

चार आठवड्यांनी बघतो, फार तर बारा. ध्येय गाठलं नाही तर हळूहळू कमी करून बंद. लोकांना वाटतं अजून थोडं वाढवलं तर होईल, बहुतेक वेळा होत नाही, फक्त गुंगी वाढते. गोंधळ, भास, पडणं, छातीत दुखणं, काळी शी, डोळे पिवळे, यातलं काहीही झालं तर थांबवा आणि लगेच दाखवा, आणि इमर्जन्सीत गेलात तर काय घेतलं ते लपवू नका, डॉक्टर पोलीस नाहीये. बऱ्याच महिन्यांच्या रोजच्या वापरानंतर उलट्या सुरू झाल्या आणि गरम पाण्याने आंघोळ केली की बरं वाटतं असं कोणी म्हणालं तर ते कॅनबिसनेच झालेलं असू शकतं, हे फार डॉक्टरांच्याही लक्षात येत नाही. गाडी चालवणारे असतील तर गाडी बंद, आणि नोकरीत युरिन टेस्ट होत असेल तर आधी विचार करा, टीएचसी चरबीत साठतं, रोज घेणाऱ्याच्या लघवीत ते काही आठवडे सापडत राहतं.

तर भावाला सांगा, बाटली घेऊ नकोस, आधी फोटो पाठव, पुढचं लेबल, मागचं लेबल, बॅच नंबर आणि त्या बॅचचा लॅब रिपोर्ट. तो वाचून त्यात काय आहे ते मी सांगेन, आणायची की नाही ते मात्र नाही सांगणार. आणि तुम्ही मला एवढं लिहा: आई कुठल्या देशात आहेत, केमोत कुठली औषधं होती, प्रेगाबालिन किती मिलिग्रॅम आणि किती वाजता, शेवटचं क्रिएटिनिन, आणि त्या रक्त पातळ करायच्या गोळीचं नाव, पाकिटावर असेल तसंच. वॉरफरिन असेल तर शेवटचे दोन आयएनआर आणि त्यांच्या तारखापण टाका.